तिराज : काठावरच्या नावाची गोष्ट

उर्दू वर्तमानपत्रांत निवडणुकीच्या दिवसांत 'बोहतान तराजी' हा शब्द हमखास भेटतो. एका पुढाऱ्याने दुसऱ्यावर खोटेनाटे आरोप केले, की मथळ्यात तो येतो. बोहतान म्हणजे खोटा आळ आणि तराजी म्हणजे तो रचणे, नटवून मांडणे. याच कुळातले 'सुखनतराज' आणि 'नगमातराज' हे शब्द मात्र कौतुकाचे आहेत. ते कवीसाठी, गायकासाठी वापरतात. उर्दू शाळेत शुद्धलेखन घालताना आम्हाला हा शब्द नेहमी अडवतो. मुले 'तराजी' ऐकतात आणि त्यांना बाजारातला तराजू आठवतो. मग ती 'ते' या अक्षराने तो लिहून मोकळी होतात. खरे तर तो 'तोय'ने लिहायचा असतो आणि तराजूशी त्याचे काही नाते नाही. त्याचे नाते आहे कापडाशी.

मूळ शब्द फारसी. सजवणे, नक्षी काढणे या अर्थाचा. अरबांनी तो घेतला, 'तोय' देऊन अरबी केला आणि 'तिराज' असा रुळवला. (यातला ज 'बाजार'मधल्या जसारखा उच्चारायचा.) मराठीत गाण्याची चाल या अर्थाने आपण 'तर्ज' म्हणतो, तो शब्दही अरबी कोशात तिराजच्या शेजारीच बसलेला सापडतो. आज ज्याला आपण 'ब्रँड' म्हणतो, भारी मालावरचे भारी नाव म्हणतो, त्यासाठी इस्लामी जगात काही शतके हाच शब्द होता. इंग्रजीतला ब्रँड जनावरांना दिलेल्या डागण्यांतून आला. आपला 'मार्का' इंग्रजी 'मार्क'मधून आला. (उर्दूत लढाईला 'मअरका' म्हणतात, नागरी लिपीत मुले दोन्ही सारखेच लिहितात. बाजाराकडे पाहिले तर त्यात फार चूक वाटत नाही.) तिराज या शब्दाला मात्र ना डागणी आहे, ना लढाई. त्यात सुई आहे, धागा आहे आणि हात आहे. हा हात कोणाचा, हे विचारण्यासाठीच हा लेख आहे.

तिराज म्हणजे आधी नक्षीकाम. मग कापडाच्या काठावर किंवा बाहीवर विणलेली अक्षरांची पट्टी. मग अशी पट्टी असलेला पोशाख. आणि शेवटी असा पोशाख जिथे तयार होतो तो कारखाना, म्हणजे 'दारुत्तिराज'. एकच शब्द नक्षीलाही, कपड्यालाही आणि कारखान्यालाही. कारखाने दोन प्रकारचे असत. 'खास्सा' हे खलिफाच्या स्वतःच्या वापरासाठी आणि खिलतीसाठी. 'आम्मा' हे बाहेर विकण्याच्या मालासाठी.

पट्टीवरचा मजकूर साधारण ठरलेला असे. आधी बिस्मिल्लाह. मग खलिफाचे नाव, 'अमीरुल मोमिनीन' ही पदवी आणि त्याच्यासाठी दुआ. मग कोणत्या वजिराच्या हुकुमाने कापड झाले, कोणाच्या देखरेखीखाली झाले, कोणत्या गावच्या तिराजमध्ये झाले आणि कोणत्या हिजरी साली. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात लाल रेशमाचा एक तुकडा आहे. त्यावर अमीरुल मोमिनीन मरवान यांचे नाव आहे आणि इफ्रिकिया म्हणजे आजच्या ट्युनिशियाच्या भागातील तिराजचा उल्लेख आहे. हा मरवान पहिला की दुसरा यावर विद्वानांत वाद आहे. दुसरा धरला तरी तुकडा इ. स. 750 च्या आधीचा ठरतो. हातात धरता येईल एवढ्या चिंधीवर मालक, पदवी आणि कारखान्याचा मुलूख, सगळे आहे. आजच्या शर्टाच्या कॉलरमागच्या चिठ्ठीवर याहून वेगळे काय असते?

इब्न खल्दून यांनी इ. स. 1377 मध्ये लिहिलेल्या 'मुकद्दमा' ग्रंथात राज्याच्या थाटमाटाच्या चिन्हांत तिराजला जागा दिली आहे. त्यांचे म्हणणे असे, की इस्लामपूर्व इराणचे बादशहा कापडावर आपली चित्रे काढून घेत. मुस्लिम राज्यकर्त्यांनी चित्रांऐवजी नाव आणि शुभ शब्द आणले. उमय्या आणि अब्बासी काळात कारखाने महालाच्या आवारात असत आणि त्यांवर 'साहिबुत्तिराज' नावाचा अधिकारी असे. कारागीर, त्यांची हत्यारे आणि त्यांची मजुरी हे सगळे त्याच्या ताब्यात असे.

रेशमाचा प्रश्न आपल्या वाचकांच्या मनात येणारच. पुरुषांना निखळ रेशीम मना आहे. पण दोन, तीन, चार बोटे रुंदीच्या रेशमी पट्टीला सवलत असल्याची हदीस हजरत उमर यांच्याकडून आलेली आहे. साध्या पांढऱ्या कतानवर, म्हणजे अळशीच्या धाग्याच्या कापडावर, रेशमाची अरुंद पट्टी असे तिराजचे जे रूप पुष्कळदा दिसते, त्याच्याशी या सवलतीचा मेळ चांगला बसतो. आपल्याकडचा 'मशरू' याच विचारातून आला. वर रेशीम, अंगाला लागणारी बाजू सुती. नावच मुळी 'शरीअतला चालणारा' असे.

कारखान्याच्या छापावरून दोन साम्राज्ये कशी हातघाईवर येतात, याची एक गोष्ट इतिहासकार बलाजुरी यांनी नोंदवली आहे. ती कापडाची नाही, कागदाची आहे. खरे तर पपायरसची. तिराज हा शब्द पपायरसच्या गुंडाळीच्या माथ्यावर असलेल्या लिखित पट्ट्यालाही वापरत. इजिप्तमध्ये तयार झालेला पपायरस रूमला, म्हणजे बायझंटाइन साम्राज्याला जाई आणि त्याच्या माथ्यावर ख्रिस्ती चिन्हे असत. खलिफा अब्दुल मलिक यांनी ती काढून इस्लामी वचने घालण्याचा हुकूम दिला. रूमच्या कैसरने कळवले, की हे थांबवा, नाहीतर आमच्या दीनारांवर तुमच्या पैगंबरांबद्दल तुम्हाला आवडणार नाही असे काही छापू. तेव्हा अरबस्तानात सोन्याचे नाणे रूमचेच चाले. खलिफांनी सल्लामसलत केली आणि स्वतःचा दीनार पाडायचे ठरवले. गोष्टीतला तपशील किती खरा, किती पुढे जोडलेला हे सोडा; पण हिजरी 77 (इ. स. 696-97) मध्ये निव्वळ अक्षरांचा, कोणाचे चित्र नसलेला दीनार निघाला, हे नाण्यांवरूनच सिद्ध आहे.

पुढे खुतबा, सिक्का आणि तिराज ही राज्यकर्त्याची तीन निशाणे झाली. शुक्रवारी मिंबरवरून कोणाचे नाव घेतले जाते, नाण्यावर कोणाचे आहे आणि कापडाच्या काठावर कोणाचे आहे, यावरून मुलूख कोणाचा ते कळे. हारून अल-रशीद यांच्या मागे अमीन आणि मामून या भावांत फाटले. तलवारी उपसण्याआधी मामूनने खुरासानात दोन गोष्टी केल्या: बगदादला जाणारी डाक तोडली आणि तिराजवरून धाकट्या भावाचे नाव काढून टाकले. हे हिजरी 194, म्हणजे इ. स. 809-10 च्या सुमाराचे. सत्तर-पाऊणशे वर्षांनी इजिप्तच्या अहमद इब्न तुलूनने खलिफाचा बलाढ्य भाऊ मुवफ्फक याचे नाव खुतब्यातून आणि तिराजवरून गाळले. उत्तरादाखल मुवफ्फकने इब्न तुलूनवर मिंबरवरून लानत पाठवायला लावली. कापडावरचे नाव पुसले म्हणून मशिदींतून शिव्याशाप! काबागृहाचा किस्वाही यातून सुटला नाही. मक्केचे इतिहासकार फाकिही यांनी हारून अल-रशीद यांच्या काळचा एक किस्वा पाहून त्यावरचा मजकूर उतरवून ठेवला. त्यात खलिफाचे नाव, वजीर फज्ल इब्न रबी यांचा हुकूम, इजिप्तमधील तूना गावचा तिराज आणि हिजरी 190 हे साल आहे. अल्लाहच्या घराच्या गिलाफावरही वजिराचे नाव होते. विणणाऱ्याचे नव्हते.

नाईल नदी समुद्राला मिळते तिथल्या तिन्नीस, दिमयात, शता, तूना या गावांचे कापड सर्वांत नावाजलेले. तिन्नीस हे सरोवरातले बेट. इराणी प्रवासी नासिर खुसरो इ. स. 1047 मध्ये तिथे गेले होते. दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी वेगळा रंग दाखवणारे 'बूकलमून' कापड तिथे विणतात, असे ते लिहितात. त्यांनी ऐकलेल्या गोष्टीही मजेशीर आहेत. फारसच्या राजाने खास शाही कापडाचा एक जोड आणायला वीस हजार दीनार देऊन माणसे पाठवली. ती काही वर्षे तिथे राहिली, पण कापड मिळाले नाही. रूमच्या बादशहाने म्हणे शंभर शहरे देऊ करून एकटे तिन्नीस मागितले आणि सुलतानाने नाकारले. ऐकीव गोष्टी फुगतातच. तरीही पैसे असून वस्तू मिळत नाही यातूनच वस्तूचा दरारा वाढतो, हे अकराव्या शतकातल्या लोकांना ठाऊक होते. आजच्या महागड्या ब्रँडवाल्यांनी यात नवे काही शोधून काढलेले नाही.

या दराऱ्याने धर्माची कुंपणेही ओलांडली. फ्रान्समध्ये आप्त नावाच्या गावच्या चर्चमध्ये एक वस्त्र शतकानुशतके हजरत मरियम यांच्या आईचे, म्हणजे संत ॲन यांचे म्हणून पूज्य मानले गेले. त्यावरची अक्षरे वाचली तेव्हा ते दिमयातचे, इ. स. 1096-97 च्या सुमाराचे तिराज निघाले. वर फातिमी खलिफा मुस्तअली आणि वजीर अफजल यांची नावे. सिसिलीचा ख्रिस्ती राजा दुसरा रॉजर याचा लाल रेशमी झगा आज व्हिएन्नात आहे. त्याच्या काठाने कूफी लिपीत अरबी मजकूर आणि हिजरी 528 (इ. स. 1133-34) हे साल भरले आहे. हाच झगा पुढे युरोपच्या सम्राटांनी राज्याभिषेकाला पांघरला. इटलीच्या चित्रकारांनी तर बीबी मरियमच्या पदराला कूफीसारखी दिसणारी पण काहीच अर्थ नसलेली अक्षरे रंगवली. अर्थ कोणाला हवा होता? अक्षरे भारी दिसत होती, तेवढे पुरे.

जिथे दरारा तिथे नक्कल. स्पेनमधल्या बुर्गो दे ओस्मा येथे एका ख्रिस्ती संताच्या कबरीत रेशमी कापड सापडले. त्याचा तुकडा आज अमेरिकेत बोस्टनच्या संग्रहालयात आहे. हे कापड बगदाद शहरात तयार झाले, असे त्यावर अरबीत स्पष्ट विणले आहे. विद्वानांनी ते वाचून आधी बगदादचेच मानले. मग विणीची तुलना झाली, अक्षरे नीट पाहिली गेली आणि अरबी लिहिण्याची धाटणी अंदलूसची असल्याचे दिसले. बाराव्या शतकात स्पेनमध्ये विणून त्यावर बगदादचे नाव घातलेले ते कापड! आमच्या शाळेतल्या मुलांच्या टी-शर्टवर, बुटांवर मोठमोठ्या कंपन्यांची नावे एखादे अक्षर इकडचे तिकडे होऊन येतात, तेव्हा आम्हाला या कापडाची आठवण होते. शुद्धलेखनाने माल पकडला जातो, हे मुलांना पटवून द्यायला याहून चांगले उदाहरण नाही.

आता जिथे जास्त थांबायला हवे तिथे येऊ. इराणच्या फारस प्रांतात काजरून नावाचे शहर आहे. दहाव्या शतकाच्या अखेरीस भूगोलकार मुकद्दसी यांनी त्याला 'अजमचे दिमयात' म्हटले. एवढे तिथले कतान प्रसिद्ध होते. बाराव्या शतकाच्या सुरुवातीला इब्न अल-बल्खी यांनी 'फारसनामा' लिहिला. त्यात त्यांनी या कापडाची सगळी रीत सांगितली आहे. अळशीच्या पेंढ्या डबक्यात कुजवायच्या, दोर काढायचा, सूत कातायचे आणि ते राहबान नावाच्या पाटाच्या पाण्यात धुवायचे. पाणी थोडेच होते, पण सूत पांढरे व्हायचे ते त्याच पाण्यात. पाट सरकारी मालकीचा. दिवाणाची परवानगी असलेल्या विणकरांनाच तिथे धुता येई. म्हणजे भारी नावाच्या मागे आधी पाणी होते आणि पाण्यावर पहारा होता.

कापड तयार झाले की सरकारी देखरेखनीस बसे, दलाल रास्त भाव ठरवीत, गठ्ठा बांधून त्यावर मोहोर करीत आणि परदेशी व्यापाऱ्याच्या हवाली करीत. व्यापारी गठ्ठा उघडून पाहत नसत. दलालावर भरवसा असे. गठ्ठा ज्या शहरी जाई तिथला गिऱ्हाईक फक्त काजरूनच्या दलालाची चिठ्ठी विचारी आणि न उघडता नफा देऊन घेई. एकेक गठ्ठा दहा-दहा हातांतून फिरे, पण त्याची दोरी सुटत नसे.

हे वाचताना आम्ही थबकलो. ब्रँड म्हणजे काय यावर आज जाडजूड पुस्तके निघतात, पण न उघडलेल्या गठ्ठ्याइतकी चांगली व्याख्या आमच्या पाहण्यात नाही. पुढे इब्न अल-बल्खी लिहितात, की अलीकडच्या दिवसांत लबाडी शिरली, लोक बेइमान झाले, माल हलका निघू लागला. भरवसा उडाला, परदेशी व्यापाऱ्यांनी पाठ फिरवली. त्यांनी याचा दोष कारभारालाही दिला आहे. त्या काळी अमीर अबू सअदची जुलमी सत्ता तिथे होती. मोहोर तीच, पाट तोच. आता गठ्ठा उघडून पाहिल्याखेरीज कोणी घेईना.

लबाडी कोणी केली? विणकराने की दलालाने? फारसनामा याचा निवाडा करीत नाही. आम्हाला मात्र वाटते, की दलाल भाव पाडतो आणि अमीर कर वाढवतो, तेव्हा विणकर पहिल्यांदा सुतात हात आखडतो. हा अंदाज हवेतला नाही. तिन्नीसच्या विणकरांची परिस्थिती त्यांच्याच तोंडची म्हणून लिहिलेली सापडते.

खलिफा मामूनच्या काळात सीरियाई ख्रिस्ती धर्मगुरू, अंताकियाचे पॅट्रिआर्क डायोनिसियस इजिप्तला गेले होते. तिन्नीसमध्ये त्यांच्याभोवती लोक जमले. तिथले बरेच विणकर किब्ती ख्रिस्ती होते. त्यांनी सांगितले ते असे: गावाभोवती पाणी, शेत नाही, गुरे नाहीत, पिण्याचे पाणीसुद्धा लांबून विकत आणावे लागते. बायका सूत काततात, आम्ही विणतो. व्यापाऱ्यांकडून दिवसाला अर्धा दिरहम मिळतो. त्यात पोट भरत नाही. करापोटी मात्र माणशी पाच दीनार मागतात. मारतात, कोठडीत घालतात, मुले-मुली तारण ठेवायला लावतात. ज्या बेटावरून किस्वा गेला, खिलती गेल्या, ज्याच्या एका जोडासाठी पुढे राजे थैल्या घेऊन ताटकळले, त्या बेटावरची ही मजुरी.

नासिर खुसरो याच्या उलट सांगतात. सुलतानाचे कापड विणणाऱ्यांना तिन्नीसमध्ये पुरा मोबदला मिळतो, म्हणून ते खुशीने काम करतात. इतर मुलखांसारखी तिथे विणकरांवर सक्ती नाही, असे त्यांनी लिहिले आहे. दोघांमध्ये दोनशे वर्षांहून जास्त अंतर आहे आणि राजघराणेही बदललेले आहे. त्यामुळे दोन्ही खरे असू शकते. नासिर खुसरो यांच्या वाक्यातला 'इतर मुलखांसारखी' हा भागही तेवढाच बोलका आहे. आपल्याकडे इस्लामी संस्कृतीच्या वैभवावर लिहिताना नासिर खुसरो आवडीने घेतले जातात, डायोनिसियस घेतले जात नाहीत. परधर्मीयाची साक्ष म्हणून ती बाजूला ठेवायची, हे आम्हाला पटत नाही. मजुराची मजुरी त्याचा घाम सुकण्याआधी द्या, ही शिकवण ज्या उम्मतला मिळाली, तिने ती अर्ध्या दिरहमची नोंद आधी वाचायला हवी.

तिन्नीस आता नाही. सलीबी युद्धांच्या धामधुमीत वस्ती हलवली गेली आणि इ. स. 1227 मध्ये सुलतान अल-कामिलने शहर पाडून टाकले. तिथल्या विणकरांची नावे आपल्यापर्यंत जवळजवळ आलीच नाहीत. पालेर्मोच्या एका कारागिराचे नाव मात्र आले आहे. इ. स. 1184-85 च्या हिवाळ्यात सिसिलीतून गेलेले प्रवासी इब्न जुबैर यांनी यह्या इब्न फित्यान या तर्राजाचा, म्हणजे तिराज भरणाऱ्याचा उल्लेख केला. तो राजा विल्यमच्या कपड्यांवर जरीकाम करी. त्याचे नाव आले तेही कापडावरून नव्हे. एका हाजीने त्याच्याशी बोलून ते वहीत टिपले म्हणून.

हिंदुस्थानात हा शब्द सुलतानांबरोबर आला. दिमिश्कचे लेखक अल-उमरी (मृत्यू इ. स. 1349) स्वतः इथे आले नव्हते, पण आलेल्या प्रवाशांना विचारून त्यांनी मुहम्मद तुघलकच्या दिल्लीचे वर्णन केले. सुलतानाचे दारुत्तिराज आहे, तिथे रेशमाचे कारागीर खिलतींचे कापड विणतात आणि वर्षाला दोन लाख पोशाख वाटले जातात, निम्मे वसंतात आणि निम्मे शरदात. हाच सुलतान दौलताबादेला आला. हिमरूचे विणकर त्याच्याबरोबर आले, असे औरंगाबादेत परंपरेने सांगतात.

पण आपल्या भाषेत तिराज राहिला नाही, खिलत आणि सरोपा राहिले. डोक्यापासून पायापर्यंतचा पोशाख तो 'सरोपा'. मराठीने त्याचा 'शिरपाव' केला आणि तो इतका आपला झाला, की फारसी म्हणून ओळखू येत नाही. सिक्क्याचा 'शिक्का' झाला. 'मुरत्तब'चे 'मोर्तब' झाले आणि दोन्ही मिळून शिक्कामोर्तब. मराठी दप्तरांतल्या कागदांच्या शेवटी 'मोर्तब सूद' अशी अक्षरे दिसतात, तेही फारसीच. मजकूर पुरा झाला, आता पुढे काही जोडू नये, या अर्थाचे. इब्न खल्दून यांच्या काळातच मिसरमध्ये महालातले कारखाने बंद झाले होते. नावे विणायचे काम बाहेरच्या विणकरांकडे गेले होते आणि अशा कापडाला फारसीवरून 'मुजरकश' म्हणू लागले होते. जरकश म्हणजे जर ओढणारा. तिराजमधले राजाचे नाव गेले, जर राहिली.

मग मोहोर राजाकडून व्यापाऱ्याकडे आली. मँचेस्टरच्या थानांवर रंगीत चित्रांची लेबले चिकटून मुंबईला येऊ लागली. अक्षर न येणारी गिऱ्हाइके चित्र पाहून थान मागत. इ. स. 1889 मध्ये मालावरच्या खोट्या छापांविरुद्ध हिंदुस्थानात कायदाही झाला. बनारस, मऊ, आजमगड या बाजूचे विणकर 1857 नंतर याच काळात मालेगाव, भिवंडीकडे येत होते. त्यांच्या मागाने मँचेस्टरशी झुंज दिली, पुढे हातमाग जाऊन यंत्रमाग आला. आज या गावांत निघणारे पुष्कळसे कापड 'ग्रे' असते, म्हणजे कोरे. रंगाई-छपाईला ते बाहेर जाते, पाली-बालोतऱ्याला किंवा गुजरातेत, आणि नाव पडते ते तिथे किंवा त्याच्याही पुढे. ज्याच्या घरात रात्रंदिवस मागाची खडखड, त्या घरातल्या मुलाने विकत आणलेल्या शर्टवर कोणाचे नाव आहे हे त्याला पाठ असते. कापड कोणत्या गल्लीतले, हे सांगायची सोय नसते.

या लोकांना उत्तर हिंदुस्थानात 'जुलाहा' म्हणत. त्यांच्या अकलेवरच्या म्हणी उर्दूच्या जुन्या कोशांत आहेत. आम्ही त्या मुलांना शिकवत नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या बिरादरीने संघटना केली आणि जनगणनेत, कागदोपत्री आपली नावे आपण लिहायला लावली. कोणी अन्सारी लिहिले, मदिन्यात पैगंबरांना घरात ठेवून घेणाऱ्या हजरत अबू अय्यूब अन्सारी यांच्याशी नाते सांगत. कोणी नूरबाफ लिहिले, म्हणजे प्रकाश विणणारा. आणि पुष्कळांनी मोमिन लिहिले. हजार वर्षांपूर्वीच्या पट्ट्यांवरही तो शब्द आहे, खलिफाच्या पदवीचा उत्तरार्ध म्हणून. आमच्या वर्गाच्या हजेरीपटावर आज पहिले नाव अन्सारी आहे, आणि त्यानंतरची अकरा नावेही.